राजाची घटका

पूर्वी शोणपूर नावाच्या नगरात राजा उदग्रसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या घटिकापालाच्या घरी जन्माला आला. वडिलांच्या मागे राजवाड्यातील वेळ राखण्याचे काम त्याच्याकडे आले. काम दिसायला अगदी साधे होते. पाण्याने भरलेले एक मोठे घंगाळ, त्यात तरंगणारे तांब्याचे हलके पात्र आणि त्या पात्राच्या बुडाला सुईच्या टोकाएवढे भोक. भोकातून पाणी हळूहळू आत येई, पात्र भरे आणि बुडे. ते बुडाले की एक घटका झाली. मग बोधिसत्त्व काशाच्या थाळीवर टोला देई, पात्र उपसून पुन्हा पाण्यावर ठेवी आणि पुन्हा बघत बसे. दिवस आणि रात्र मिळून अशा साठ घटका होत. रात्रीच्या घटका त्याचा धाकटा भाऊ राखी.

स्वस्थ बसलेल्या माणसाचे तीनशे साठ श्वास म्हणजे एक घटका, हे वडिलांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितले होते. तरुणपणी तो मोजायला बसला की विसापर्यंत जाईतो मन भलतीकडे पळे. घराचे गळके छप्पर आठवे, शेजाऱ्याने मारलेला टोमणा आठवे. पळालेले मन परत आणायचे आणि पुढचा श्वास मोजायचा, एवढेच त्याने तीस वर्षे केले. होता होता असे झाले की तो डोळे मिटून बसे, आणि तीनशे साठावा श्वास सोडून डोळे उघडले की पात्र नेमके बुडत असे. त्याच्याजवळ येऊन बसणाऱ्याला उगीचच बरे वाटे. राजवाड्यातल्या दासी भांडण झाले की घंगाळात पाणी भरायच्या निमित्ताने तिकडे येत.

राजा उदग्रसेनाचे सगळे याच्या उलट होते. माणूस वाईट नव्हता. दानशूर होता, प्रजेवर त्याची माया होती, पण धीर म्हणून नाही. ताटात भात पडायच्या आत त्याचा हात ताटात असे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा हा राजा. निघायचे उद्या असले तरी आजच पायांत जोडे घालून बसे. लोक हसत, पण त्याच्या घाईचे कारण कुणाला ठाऊक नव्हते. ते त्याचे त्यालाच ठाऊक होते. चार क्षण शांत बसले की त्याच्या आत काहीतरी वळवळू लागे. काय ते कळत नसे, आणि कळून घ्यायची त्याला भीती वाटे. म्हणून तो उठे आणि कामाला लागे.

आता शोणपुरात एक जुनी चाल होती. राजाच्या आजोबांनी एकदा रागाच्या भरात एका निरपराध्याला सुळी दिले आणि मग जन्मभर पस्तावले. त्यांनी मरताना नियम घालून दिला की यापुढे साक्षी संपल्यावर राजाने लगेच निवाडा बोलू नये. घटिकापात्र सभेत आणून पाण्यावर ठेवावे, राजाने त्याच्यासमोर एक घटका मुकाट बसावे, आणि टोला पडल्यावरच तोंड उघडावे. टोला पडण्याआधी राजाने काढलेला शब्द शब्द धरू नये.

उदग्रसेनाला ही घटका म्हणजे शिक्षाच वाटे. गादीवर बसल्याला पाच वर्षे झाली, तेव्हा एके दिवशी त्याने बोधिसत्त्वाला बोलावून घेतले.

"या पात्राचं भोक जरा मोठं कर," राजा म्हणाला. "सभेचा फार वेळ जातो. एक गाव इनाम देतो तुला."

"महाराज, भोक मोठं केलं तर पात्र लवकर बुडेल," बोधिसत्त्व म्हणाला, "पण सूर्य काही लवकर मावळायचा नाही. हे काम माझ्या हातून व्हायचं नाही. गावही मला नको."

"मग तांबटाकडून करून घेतो."

"आपली मर्जी."

तांबट आला आणि त्याने भोक रुंदावले. चार महिन्यांनी राजाने त्याला पुन्हा बोलावले. दोनदा रुंदावलेले ते पात्र आता बरोबर अर्ध्या वेळात बुडू लागले. एका नगरात दोन वेळा नकोत म्हणून राजाने हेच पात्र साऱ्या नगरासाठी लावले. राजा बोले, दल हाले. साठ घटकांचा दिवस एकशे वीस घटकांचा झाला.

मग नगरात जी गंमत उडाली ती काय सांगावी! दोन घटका शिजवायची डाळ दातांखाली कचकच वाजू लागली. वैद्याने चार-चार घटकांनी घ्यायला सांगितलेला काढा रोग्यांच्या पोटात दुप्पट गेला आणि बिचारे दिवसभर परसाकडे पळत राहिले. पहारेकरी ऊन डोक्यावर असतानाच पहारा संपला म्हणून घरी जाऊ लागले. एका लग्नात वरात वेशीत आली तेव्हा मुहूर्त टळून गेला होता, आणि दोन्हीकडचे भटजी एकमेकांवर धावून गेले. शेवटी लोकांनीच शहाणपणा केला. 'राजाची घटका' आणि 'खरी घटका' असे दोन शब्द रूढ झाले, आणि खरी घटका हवी असली की माणसे बोधिसत्त्वाला विचारून जाऊ लागली. तो त्यांना हसून सांगे आणि राजाच्या पात्राप्रमाणे टोलेही देत राही.

दोन वर्षे अशी गेली. पुढच्या वैशाखात राज्याचा मंगलहत्ती मेघवर्ण मेला.

मेघवर्णावर राजाचा फार जीव होता. राज्याभिषेकाची मिरवणूक त्याच्याच पाठीवरून निघाली होती. हत्ती गेला हे ऐकल्यावर राजा दोन दिवस जेवला नाही, आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या दुःखाचा राग झाला. हत्तिवैद्याने हत्तीला तपासून सांगितले, "रोग नाही, विष नाही. उन्हातून लांब चालला आणि वेळेवर पाणी मिळालं नाही. आतून करपून गेला."

हत्तीला पाणी दाखवायचे काम माहुताचे. माहूत होता वेणुक, साठीला आलेला, काळासावळा, कमी बोलणारा. उदग्रसेन लहान असताना त्याला हत्तीवर बसायला यानेच शिकवले होते. मंगलहत्तीचा घात करणाऱ्याला त्या राज्यात देहदंड होता. वेणुकाला बांधून सभेत आणले.

"हत्तीला पाणी पाजलं होतंस?" प्रधान दृढमतीने विचारले.

"नाही."

"का नाही?"

वेणुकाने राजाकडे एकदा पाहिले आणि मान खाली घातली. "हत्ती माझ्या हाताखाली होता," तो म्हणाला. "तो गेला. आणखी काय सांगू?"

राजाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा जीव लावलेला प्राणी या म्हाताऱ्याच्या हलगर्जीने तहानेने मेला, आणि याला त्याचे धड उत्तरही देता येत नाही! शब्द राजाच्या ओठांवर आलेच होते, पण दृढमतीने हळूच नियमाची आठवण करून दिली. राजाने हात झटकून पात्र मागवले. बोधिसत्त्वाने घंगाळ आणवले, पात्र पाण्यावर ठेवले, शेजारी काशाची थाळी टांगली आणि तो डोळे मिटून बसला.

राजा पात्राकडे बघत राहिला. पाणी चढत होते. वेणुकाची बायको दाराशी दोन्ही हातांनी खांब धरून उभी होती. पाणी काठाला आले, पात्र डुगडुगले आणि बुडाले. राजा उठून उभा राहिला.

टोला पडला नाही.

राजाने वाट पाहिली. सभा बघत होती. बोधिसत्त्वाचे डोळे अजून मिटलेले होते आणि हातोडी मांडीवर होती.

"घटिकापाल!" राजा कडाडला. "पात्र बुडालं. टोला का देत नाहीस?"

बोधिसत्त्वाने डोळे उघडले. "पात्र बुडालं, महाराज. घटका झालेली नाही. एकशे ऐंशी श्वास झाले. तेवढेच अजून राहिलेत."

"दोन वर्षं याच पात्रावर टोले देतोस, आणि आजच तुला श्वास आठवले?"

"दोन वर्षांत कुणाचा जीव जायची पाळी आली नव्हती," बोधिसत्त्व म्हणाला. "डाळ कच्ची राहिली तर पुन्हा चुलीवर ठेवता येते. दंड चुकला तर परत देता येतो. म्हणून मी टोले दिले. मान उतरवली तर ती पुन्हा ठेवता येत नाही, महाराज. हा टोला मी अर्ध्यावर देणार नाही."

"आणि तुझीच मान उतरवली तर?"

"तर आपल्याला दुसरा घटिकापाल नेमावा लागेल. तो येईपर्यंत घटका होऊन जाईल."

सभेत कुणीतरी हसू दाबले. राजा लालबुंद झाला. पण टोल्यावाचून त्याचा शब्द शब्द धरला जाणार नव्हता, आणि नियम आजोबांचा होता. तो दाणकन आसनावर बसला. "एकशे ऐंशी तर एकशे ऐंशी. मीच मोजतो. आणि संपले की आधी याचा निवाडा, मग तुझा."

"मोजा महाराज," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाला. "श्वास ओढू नका, ढकलू नका. येतोय तसा येऊ द्या आणि फक्त बघा. राग आला तर राग आला एवढं कळू द्या आणि पुढचा श्वास मोजा. आकडा चुकला तर हाती असेल तिथून चाला. माझा आकडा माझ्यापाशी आहे."

राजाने डोळे मिटले. एक, दोन, तीन. श्वास धाप लागल्यासारखा चालला होता. सातावर त्याला वेणुकाचे तोंड दिसले आणि आकडा हरवला. त्याने दात खात पुन्हा सात म्हटले. अकरावर आठवले की आता नवा माहूत शोधावा लागेल. सोळावर आठवले की नवा हत्तीही शोधावा लागेल, आणि मेघवर्णासारखा हत्ती या जन्मात मिळायचा नाही. दुःख होते आहे, एवढे त्याला कळले, आणि त्याने सतरा म्हटले.

तिसाच्या पुढे कधीतरी श्वास थोडा लांब झाला. दाराशी कुणाचे तरी कंकण वाजले. एक माशी हातावर बसली, चालली आणि उडाली. सभेत इतकी शांतता होती की घंगाळातल्या पाण्यावर छतावरून गळलेला धुळीचा कण पडल्याचेही ऐकू आले असते. राजाच्या आत ते नेहमीचे काहीतरी वळवळू लागले. एरवी तो या जागी उठला असता. आज उठायची सोय नव्हती. त्याने त्रेपन्न म्हटले, चोपन्न म्हटले, आणि ते वर येऊ दिले.

ती एक नदी होती.

हत्ती मरण्याआधी राजा सीमेवरच्या गावाला चालला होता तेव्हाची नदी. भर दुपार होती. घोडेस्वार पुढे निघून गेले होते, सामानाचे गाडे मागे राहिले होते, आणि हत्तीवर दोघेच होते. पुढे मानेवर वेणुक आणि मागे हौद्यात तो स्वतः. गावात त्याच्या स्वागताला मंडप घातला होता, वाजंत्री ठरली होती, आणि उशीर होत होता. मेघवर्ण उताराशी थांबला. त्याची सोंड पाण्याच्या दिशेने लांबली. वेणुकाने मागे वळून काहीतरी म्हटले.

काय म्हटले होते? राजाने श्वास सोडला. पुढचा आत आला. मग वेणुकाचा आवाज जसाच्या तसा कानांत आला. "महाराज, हत्ती तहानेला आहे. दोन घटका थांबू या."

आणि त्याचे स्वतःचे उत्तरही आले. "चल, चल. पाणी पुढं मिळेल." पुढे तीन कोस ओढे कोरडे पडले होते. गावातल्या विहिरी तळाला गेल्या होत्या. आणि मिरवणूक संपताच, ऊन उतरायच्या आत, परत निघायचा हुकूमही त्यानेच सोडला होता.

राजाने दचकून डोळे उघडले. समोर सगळे तसेच होते. बोधिसत्त्व डोळे मिटून बसला होता. वेणुक खाली बघत होता. हत्तीवर त्या दिवशी दोघेच होते, आणि त्या दोघांतला एक आता मरणार होता. तो मेला की नदीकाठचे ते बोलणे जगात कुणालाही ठाऊक राहणार नव्हते. राजाला हे अगदी स्वच्छ दिसले. टोला पडेल, तोंडातून एक शब्द जाईल, आणि ती नदी कायमची बुजेल. त्याला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. पळावेसे वाटले. पळावेसे वाटते आहे, हेही त्याला कळले.

त्याने पुन्हा डोळे मिटले. आकडा केव्हाच हरवला होता. तो नुसता श्वास बघत राहिला. एक आत आला, बाहेर गेला. दुसरा आला. ती नदी तिथेच होती आणि तोही तिथेच बसून राहिला. गालांवरून पाणी ओघळत होते ते त्याने पुसले नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कुठेही जायचे नव्हते.

टोला पडला. काशाचा नाद बराच वेळ सभेत फिरत राहिला.

दृढमती म्हणाला, "महाराज, निवाडा?"

राजा आसनावरून उतरला आणि वेणुकासमोर जाऊन उभा राहिला. "वेणुका, तू थांबू या म्हणाला होतास."

वेणुकाची मान आणखी खाली गेली.

"म्हणाला होतास. मग आज का बोलला नाहीस? जीव जात होता तुझा. का नाही सांगितलंस?"

म्हाताऱ्याने मान वर केली. त्याचे डोळे भरून आले होते. "हत्तीनं तरी कुठं सांगितलं, महाराज? तुम्ही चल म्हणालात, तो चालला."

राजाने आपल्या हातांनी त्याचे दोर सोडले. गाठी घट्ट होत्या, पण त्याने घाई केली नाही. मग सभेकडे वळून तो म्हणाला, "मंगलहत्ती मी मारला. वेणुकानं पाण्यासाठी थांबायला सांगितलं होतं आणि मी थांबलो नाही. हाच निवाडा. घटिकापाल, तू मला आज एका मोठ्या पापातून वाचवलंस. राजाला शिक्षा द्यायचा नियम आजोबांनी घालून दिलेला नाही. मला काय शिक्षा ते तू सांग."

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, रोज एक घटका बसा. खरी घटका."

"किती दिवस?"

"उठावंसं वाटतंय तोवर."

राजाने ती शिक्षा मानली. तांबटाकडून नवे पात्र करवून घेतले, जुन्या मापाचे, आणि नगराचा दिवस पुन्हा साठ घटकांचा झाला. रोज सकाळी तो बोधिसत्त्वाशेजारी येऊन बसे. पहिल्या दिवसांत फार चुळबुळे. कधी ती नदी येई, कधी आणखी जुने काही येई, आणि दर वेळी त्याला उठावेसे वाटे. तो बसून राही. महिने गेले, वर्षे गेली. एका सकाळी टोला पडला आणि राजाला तो ऐकूच आला नाही. बोधिसत्त्वाने त्याला हाक मारली नाही. पात्र उपसून त्याने पुन्हा पाण्यावर ठेवले आणि दोघे आणखी एक घटका बसले. त्या राज्यात पुढे कुणाला सुळी दिल्याचे कुणाच्या ऐकिवात नाही. वेणुक आपल्या झोपडीत, बायकोच्या शेजारी, म्हातारपणाने मेला.

ही पूर्वजन्मीची गोष्ट शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, एका विहारात सांगितली. भिक्षू ध्यानाला बसले होते, आणि उत्तरक नावाचा एक नवखा भिक्षू तिसऱ्यांदा आसनावरून उठायच्या बेतात होता. गोष्ट संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा माहूत वेणुक म्हणजे आज आजाऱ्यांची सेवा करणारी आणि त्याबद्दल अवाक्षर न बोलणारी भिक्षुणी सुव्रता. घटिकापाल मी होतो. आणि राजा उदग्रसेन म्हणजे हा उत्तरक. त्या जन्मी याने एक जीव वाचवला, तो केवळ अर्धी घटका जास्त बसल्यामुळे."

उत्तरक अर्धवट उठला होता. तो हळूच खाली बसला आणि त्याने डोळे मिटले.

मनात जे येईल ते न पळता बघत राहणे, यालाच जाणते लोक ध्यान म्हणतात.